मौन आणि यंत्रस्वर : मेहेरबाबांचे अनुयायी पीट टाउनशेंड व रॉनी लेन यांचे सर्जनशील मैत्र

प्रस्तावना

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) सांस्कृतिक इतिहासात नेवासे, शिर्डी, साकोरी आणि अरणगाव या स्थानांना वेगवेगळ्या कारणांनी महत्त्व आहे. नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, शिर्डीला साईबाबांचे वास्तव्य घडले, साकोरीला उपासनी महाराजांचा आश्रम उभा राहिला आणि नगर शहराच्या दक्षिणेस, दौंड रस्त्यावरील अरणगावाजवळ मेहेरबाबांचे मेहेराबाद वसले. शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्यावर नागापूरची औद्योगिक वसाहत आहे. उत्तरेकडेच पिंपळगाव माळवीजवळ मेहेराझाद हे बाबांचे अखेरचे निवासस्थान आहे. मेहेराबाद व मेहेराझाद या स्थानांचा विचार प्रायः भक्तिपरंपरेच्या किंवा तीर्थयात्रेच्या अंगाने केला जातो. तथापि, १९७० च्या दशकात पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी जे स्थान मिळवले, त्या इतिहासातील एक महत्त्वाचा धागाही अरणगावच्या टेकडीपर्यंत येऊन पोहोचतो, याकडे फारसे लक्ष जात नाही.

हा धागा दोन इंग्रज संगीतकारांच्या मैत्रीचा आहे. 'द हू' या वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड आणि 'स्मॉल फेसेस' व पुढे 'फेसेस' या वाद्यवृंदांचे रॉनी लेन हे दोघेही मेहेरबाबांचे अनुयायी होते. एकाने आपली श्रद्धा सिंथेसायझर व विद्युत ऑर्गनच्या यंत्रस्वरांतून मांडण्याचा प्रयत्न केला. दुसरा हळूहळू यंत्रापासून दूर जात साध्या लोकगीताच्या वळणाकडे गेला. गुरू एक, शिकवण एक, मैत्री जवळजवळ तीन दशकांची, आणि तरीही संगीत मात्र भिन्न. या भिन्नतेचा अर्थ काय, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. इलेक्ट्रॉनिक ध्वनीला स्वतःची अशी काही आध्यात्मिक शक्ती असते, की ती शक्ती वादकाच्या भावात असते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ही मैत्री एक उपयुक्त ऐतिहासिक उदाहरण ठरते.

मेहेराबाद : मौनाची पार्श्वभूमी

मेहेरबाबा म्हणजे मेरवान शेरियार इराणी. त्यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यातील एका इराणी जरथुष्ट्री कुटुंबात झाला. डेक्कन कॉलेजात शिकत असताना, १९१३ मध्ये, पुण्याच्या सूफी संत हजरत बाबाजान यांच्याशी त्यांचा संबंध आला. पुढे साकोरीचे उपासनी महाराज यांच्या सान्निध्यात ते राहिले. तरुणपणी त्यांना गायनाची व काव्याची आवड होती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९२३ मध्ये ते आपल्या मंडळींसह अरणगावाजवळ, पहिल्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागेवर आले आणि तेथे मेहेराबाद आकारास आले.

१० जुलै १९२५ रोजी बाबांनी मौन धारण केले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझाद येथे देह ठेवीपर्यंत, म्हणजे सुमारे साडेत्रेचाळीस वर्षे, ते पाळले. प्रारंभीच्या काळात ते अक्षरफलकावर बोट ठेवून आपले म्हणणे मांडीत. ऑक्टोबर १९५४ मध्ये त्यांनी तोही बाजूला ठेवला आणि त्यानंतर केवळ हातवाऱ्यांनी संवाद साधला. 'गॉड स्पीक्स' हा त्यांचा प्रमुख तात्त्विक ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. न बोलणाऱ्या पुरुषाच्या ग्रंथाचे नाव 'ईश्वर बोलतो' असे असावे, यात त्यांच्या शिकवणुकीचे सार सामावले आहे. सत्य शब्दांनी शिकवले जात नाही, ते अंतःकरणात जागे व्हावे लागते, अशी त्यांची भूमिका होती.

बाबांचा पाश्चात्त्य देशांशी संबंध १९३१ च्या इंग्लंडभेटीपासूनचा. त्या काळात त्यांच्या सहवासात आलेल्या डेलिया डिलिऑन या लंडनच्या शिष्येने १९६० च्या दशकातील तरुण पिढीला बाबांच्या विचारांकडे वळवण्यात मोठी भूमिका बजावली. हीच पिढी त्या वेळी एलएसडीसारख्या द्रव्यांत आध्यात्मिक अनुभव शोधत होती. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गॉड इन अ पिल?' या पुस्तिकेत बाबांनी या मार्गाचा स्पष्ट निषेध केला. अशा द्रव्यांतून येणारा अनुभव शरीराला, मनाला व आत्म्यालाही अपायकारक असल्याचे त्यांनी बजावले. आधुनिक संगीताच्या वर्तुळात ही भूमिका प्रवाहाविरुद्ध जाणारी होती.

दोन मित्र, दोन जडणघडणी

पीट टाउनशेंड यांचा जन्म १९ मे १९४५ रोजी लंडनच्या चिझिक भागात झाला. त्यांचे शिक्षण ईलिंग येथील कलामहाविद्यालयात झाले. तेथे रॉय अ‍ॅस्कॉट यांनी सायबरनेटिक्सच्या कल्पनांवर आधारलेला एक अभिनव अभ्यासक्रम सुरू केला होता. माणूस, यंत्र आणि माहिती यांचा परस्परसंबंध हा या अभ्यासक्रमाचा गाभा होता. विनाशातून कला घडवण्याची संकल्पना मांडणारे गुस्ताव मेत्झगर यांचे विचारही टाउनशेंड यांनी तेथेच ऐकले. रंगमंचावर गिटार फोडण्याच्या त्यांच्या कृतीमागे ही प्रेरणा होती आणि पुढे यंत्राकडे केवळ साधन म्हणून न पाहता कल्पनेचा सहभागी म्हणून पाहण्याची दृष्टीही याच शिक्षणातून आली.

रॉनी लेन यांचा जन्म १ एप्रिल १९४६ रोजी पूर्व लंडनमधील प्लेस्टो या श्रमिक वस्तीत झाला. १९६५ मध्ये स्टीव्ह मॅरियट यांच्यासह त्यांनी 'स्मॉल फेसेस' हा वाद्यवृंद स्थापन केला. कलामहाविद्यालयातील सिद्धान्तचर्चा त्यांच्या वाट्याला आली नव्हती. त्यांची गाणी घर, वडील, रस्ता, जत्रा अशा रोजच्या अनुभवांतून उगवत. दोघांच्या जडणघडणीतील हा फरक पुढे त्यांच्या संगीतातही कायम राहिला.

जून १९६७ मध्ये अमेरिकेतील मॉन्टरे महोत्सवाहून परतताना विमानात घेतलेल्या एका तीव्र मादक द्रव्याचा टाउनशेंड यांना भयंकर अनुभव आला आणि त्यांनी त्या मार्गाकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी चित्रकार माइक मॅकइनर्नी यांच्याकडून त्यांना मेहेरबाबांच्या विचारांची ओळख झाली. जानेवारी १९६८ मध्ये 'द हू' आणि 'स्मॉल फेसेस' हे वाद्यवृंद ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर एकत्र होते. या सुमारास टाउनशेंड व लेन यांची जवळीक वाढली आणि मित्राच्या माध्यमातून लेनही बाबांच्या शिकवणुकीकडे ओढले गेले.

येथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. टाउनशेंड यांनी बाबांना प्रत्यक्ष कधीही पाहिले नाही. त्यांचा 'टॉमी' हा संगीतनाट्यात्मक अल्बम मे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या श्रेयनामावलीत 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचे नाव आहे आणि मुखपृष्ठचित्र मॅकइनर्नी यांचे आहे. परंतु तोपर्यंत बाबांनी देह ठेवून तीन महिने लोटले होते. आंधळ्या, बहिऱ्या व मुक्या मुलाची ही कथा मौनी गुरूच्या शिष्याने रचावी, हा योगायोग मानता येणार नाही. गुरूची अनुपस्थिती हीच या शिष्यांच्या साधनेची पहिली अट होती. जो गुरू बोलत नव्हता आणि आता देहानेही नव्हता, त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांच्याजवळ संगीत आणि परस्परांची सोबत एवढेच होते.

खासगी ध्वनिमुद्रिका : संगीताचा नैवेद्य

फेब्रुवारी १९७० मध्ये बाबांच्या जन्मदिनानिमित्त लंडनच्या अनुयायांनी 'हॅपी बर्थडे' ही ध्वनिमुद्रिका मर्यादित प्रतींत, खासगी वितरणासाठी काढली. टाउनशेंड यांच्या गीतांबरोबर बाबांना प्रिय असलेले कोल पोर्टर यांचे 'बिगिन द बिगीन' हे गीतही तीत होते. १० जुलैच्या मौनदिनावरील एक रचनाही त्यांनी केली. लेन यांचे 'इव्होल्यूशन' हे गीत याच मुद्रिकेत आहे. १९७२ मध्ये 'आय अ‍ॅम' आणि १९७६ मध्ये 'विथ लव्ह' या त्याच मालिकेतील मुद्रिका निघाल्या.

या मुद्रिकांचे स्वरूप व्यावसायिक अल्बमपेक्षा वेगळे होते. ख्यातनाम कलावंत आणि अपरिचित अनुयायी यांच्या रचना एकाच मुद्रिकेत शेजारी शेजारी येत. भजनाच्या फडात जसा प्रत्येकाने आपापला अभंग म्हणावा, तसा हा प्रकार होता. अमेरिकेत 'हॅपी बर्थडे'च्या अनधिकृत प्रती विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यातील व अन्य काही गीते घेऊन टाउनशेंड यांनी १९७२ मध्ये 'हू केम फर्स्ट' हा अल्बम अधिकृतपणे प्रसिद्ध केला. आपल्या नावावर निघालेल्या या पहिल्या व्यावसायिक अल्बममध्येही त्यांनी लेन यांचे 'इव्होल्यूशन' आणि बिली निकल्स यांचे एक गीत समाविष्ट केले. बाबांनी १९५३ मध्ये दिलेल्या 'परवरदिगार' प्रार्थनेला दिलेली चाल हे या अल्बमचे अखेरचे गीत आहे.

१९७२ मध्येच टाउनशेंड मेहेराबादला आले आणि त्यांनी समाधीचे दर्शन घेतले. लाखो श्रोत्यांपुढे विद्युत गिटार वाजवणारा हा कलावंत अरणगावच्या टेकडीवरील लहानशा समाधिमंदिरात डोके टेकवण्यासाठी आला, ही घटना जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

'लाइफहाउस' आणि 'बाबा ओ'रायली' : आख्यायिका व वस्तुस्थिती

१९७० - ७१ या काळात टाउनशेंड 'लाइफहाउस' नावाच्या महत्त्वाकांक्षी प्रकल्पात गुंतले होते. भविष्यातील प्रदूषित जगात घराघरांत कोंडलेली माणसे एका यंत्रजाळ्याद्वारे कृत्रिम अनुभव घेत जगतात. त्यांना बाहेर काढून एका मैफलीत एकत्र आणले जाते आणि तेथे सर्वांचा मिळून एकच स्वर सापडतो, अशी त्याची रूपरेषा होती. एकेका व्यक्तीची माहिती यंत्रात भरून तिचे स्वतःचे असे संगीत निर्माण करावे आणि मग सर्वांचे संगीत एकत्र मिळवावे, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना होती. या कल्पनेवर मेहेरबाबांबरोबरच बडोद्याचे सूफी संगीतज्ञ इनायत खान यांच्या नादविषयक विचारांचाही प्रभाव होता. इनायत खान हे बडोद्यात गायनशाळा स्थापन करणारे मौलाबक्ष यांचे नातू. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने वाढलेल्या संगीतपरंपरेचा एक प्रवाह अशा रीतीने लंडनच्या स्टुडिओपर्यंत पोहोचला.

१९७१ च्या प्रारंभी लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात या प्रकल्पाचे प्रयोग झाले. परंतु कल्पना इतरांना समजावून देणे टाउनशेंड यांना जमले नाही. प्रकल्प कोसळला आणि ते मानसिकदृष्ट्या खचले. त्यातून वाचलेली गीते ऑगस्ट १९७१ मध्ये 'हूज नेक्स्ट' या अल्बममध्ये आली. त्याचे पहिले गीत म्हणजे 'बाबा ओ'रायली'. नावातील 'बाबा' हे मेहेरबाबा. 'रायली' हे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. लहान स्वराकृतींच्या पुनरावृत्तीतून विशाल रचना उभारणारे रायली १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले होते. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे महाराष्ट्राच्या परिचयाचे झालेले हे घराणे होय. प्राणनाथ त्याच घराण्यातील अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. म्हणजे या एका शीर्षकात अरणगावचा गुरू आणि किराणा घराण्याचा एक परदेशी शिष्य एकत्र आले आहेत.

या गीताविषयी एक आख्यायिका प्रचलित आहे. मेहेरबाबांची जन्मतिथी, वजन, उंची इत्यादी माहिती सिंथेसायझरमध्ये भरली आणि त्यातून प्रारंभीची प्रसिद्ध स्वरमालिका आपोआप बाहेर पडली, असे सांगितले जाते. ही कथा आकर्षक असली तरी वस्तुस्थितीला धरून नाही. व्यक्तीच्या माहितीतून संगीत घडवण्याची कल्पना टाउनशेंड यांच्या मनात निश्चितच होती. परंतु प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात ऐकू येणारी स्वरमालिका लाउरी कंपनीच्या घरगुती विद्युत ऑर्गनवर, त्यातील 'मरिंबा रिपीट' या स्वयंचलित पुनरावृत्तीच्या सोयीचा उपयोग करून, हाताने वाजवलेली आहे. टेपची काटछाट करून तिला अखेरचे रूप दिले गेले. सिंथेसायझरचा थेट उपयोग याच अल्बममधील 'वोन्ट गेट फूल्ड अगेन' या गीतात दिसतो. तेथे ऑर्गनचा स्वर ईएमएस कंपनीच्या व्हीसीएस-३ या यंत्रातून गाळून घेतलेला आहे. 'बाबा ओ'रायली'च्या अखेरीस डेव्ह आर्बस यांनी वाजवलेले व्हायोलिन येते. यंत्राची पुनरावृत्ती आणि माणसाच्या हातचा गज यांची गती तेथे एकमेकींना भिडते आणि वाढत जाते.

आख्यायिका आणि वस्तुस्थिती यांतील अंतर इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आख्यायिकेत यंत्र हेच साक्षात्काराचे स्थान ठरते आणि वादक अनावश्यक होतो. वस्तुस्थितीत वादक आहे, त्याचा हात आहे, त्याने तासन्तास केलेली टेपची जुळणी आहे आणि एका फसलेल्या मोठ्या स्वप्नाचे दुःखही आहे. पुनरावृत्तीमुळे श्रोत्याचे चित्त एकाग्र होते, हा अनुभव मराठी वाचकाला नवा नाही. भजनात ध्रुवपद पुन्हा पुन्हा घोळवले जाते, टाळ-मृदंगाची लय चढत जाते आणि 'मी म्हणतो आहे' ही जाणीव मागे पडते. टाउनशेंड यांना यंत्राकडून नेमके हेच हवे होते. माहितीतून संगीत घडवण्याची कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही. २००७ मध्ये संगीतकार लॉरेन्स बॉल यांच्या सहकार्याने त्यांनी 'लाइफहाउस मेथड' ही संगणकप्रणाली उपलब्ध केली. तिच्यात कोणालाही आपली माहिती देऊन स्वतःचे 'संगीतचित्र' मिळवता येत असे. पस्तीस वर्षांपूर्वी अपुरी राहिलेली कल्पना अशा रीतीने काही काळ प्रत्यक्षात आली.

लेन यांची वाट : दगडापासून माणसापर्यंत

लेन यांच्या 'इव्होल्यूशन' या गीताचे मूळ रूप 'फेसेस'च्या १९७० मधील पहिल्या अल्बममध्ये 'स्टोन' या नावाने आले होते. 'गॉड स्पीक्स'मध्ये चैतन्याचा प्रवास दगड, धातू, वनस्पती, कृमी, मासा, पक्षी, पशू आणि मनुष्य अशा टप्प्यांनी वर्णिला आहे. हे गहन तत्त्वज्ञान लेन यांनी हलक्याफुलक्या, जवळजवळ विनोदी लोकगीताच्या चालीत बसवले. जड सिद्धान्त सामान्यांच्या बोलीत उतरवण्याची ही रीत भारूडाच्या जातकुळीची म्हणता येईल.

१९७३ मध्ये लेन 'फेसेस'मधून बाहेर पडले. यश, झगमगाट आणि मोठी सभागृहे सोडून ते वेल्सच्या सीमेवरील एका शेतवाडीत राहू लागले. १९७४ मध्ये 'द पासिंग शो' या नावाने त्यांनी सर्कशीच्या तंबूत गावोगाव कार्यक्रम करण्याचा प्रयोग केला. आर्थिकदृष्ट्या तो फसला. तरीही आपल्याकडील तमाशाच्या फडाप्रमाणे कलावंताने गावात जाऊन पाल ठोकावे, ही त्यांची धारणा त्यातून स्पष्ट होते.

दोन्ही मित्रांच्या वाटा वेगळ्या होत असतानाच एका ठिकाणी त्या पुन्हा जुळल्या. लेन यांनी एका एअरस्ट्रीम फिरत्या घरात ध्वनिमुद्रणाचा सुसज्ज स्टुडिओ उभारला होता. १९७३ मध्ये 'द हू'च्या स्वतःच्या स्टुडिओचा नियंत्रणकक्ष तयार नव्हता, तेव्हा 'क्वाड्रोफेनिया' या अल्बमच्या मुद्रणासाठी हाच फिरता स्टुडिओ वापरला गेला. टाउनशेंड यांनी एआरपी सिंथेसायझरचा जितका विपुल वापर या अल्बममध्ये केला, तितका त्यापूर्वी केला नव्हता. ज्या मित्राने स्वतःच्या गाण्यात साधेपणा स्वीकारला, त्याच्याच यंत्रसामग्रीवर दुसऱ्याचे यंत्रसंगीत ध्वनिमुद्रित झाले.

'रफ मिक्स' आणि मैत्रीची कसोटी

सप्टेंबर १९७७ मध्ये टाउनशेंड व लेन यांचा 'रफ मिक्स' हा संयुक्त अल्बम प्रसिद्ध झाला. निर्मिती ग्लिन जॉन्स यांची होती. एरिक क्लॅप्टन, चार्ली वॉट्स यांच्यासारख्या वादकांनी त्यात साथ दिली. एका गीतासाठी एडविन अ‍ॅस्टली यांनी तंतुवाद्यांचा मोठा मेळ रचला. या अल्बमचा स्वभाव मात्र घरगुती आहे. गिटार, अकॉर्डियन, साधे ताल आणि दोन मित्रांचे आवाज. वादनप्रधान शीर्षकरचना दोघांच्या नावे आहे. एरवी बहुतेक गीते प्रत्येकाने आपापली आणली. दोघांनी एकमेकांत विरघळून जाण्याचा प्रयत्न केला नाही. शेजारी बसून आपापले म्हणावे, अशीच ही रीत होती आणि ती खासगी ध्वनिमुद्रिकांच्या परंपरेशी सुसंगत होती. सिंथेसायझरचा अग्रणी वादक येथे मित्राच्या अंगणात आला, असे म्हणता येईल.

याच काळात लेन यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा असाध्य आजार जडल्याचे स्पष्ट झाले. त्यांच्या आईलाही हाच आजार होता. हळूहळू त्यांचे हातपाय त्यांच्या ताब्यात राहिले नाहीत. २० सप्टेंबर १९८३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या आजाराच्या रुग्णांसाठी निधी उभारण्याकरिता मोठी मैफल झाली. त्यानंतर लेन अमेरिकेत टेक्सास येथे आणि अखेरीस कोलोरॅडोतील ट्रिनिडाड या गावी राहिले. ४ जून १९९७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

टाउनशेंड यांचा मार्गही सरळ नव्हता. जुलै १९७६ मध्ये त्यांनी टेम्स नदीकाठी ट्विकनहॅम येथे 'मेहेरबाबा ओशॅनिक' हे केंद्र उघडले. पुढे ते बंद झाले. त्याच वर्षी, ३१ मे १९७६ रोजी, लंडनमधील चार्ल्टन येथील मैदानावर 'द हू'च्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपकांपासून ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल एवढा आवाज मोजला गेला आणि जगातील सर्वांत मोठ्या आवाजाचा वाद्यवृंद म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मौनी गुरूचा शिष्य सर्वाधिक गोंगाटाच्या मंचावर उभा होता. या आवाजाची किंमत त्यांना पुढे स्वतःच्या कानांनी मोजावी लागली. १९८० च्या सुमारास ते मद्य व मादक पदार्थांच्या आहारी गेले आणि १९८२ मध्ये उपचार घेऊन त्यातून बाहेर पडले. ज्या व्यसनाविरुद्ध गुरूने इशारा दिला होता, त्याच्याच विळख्यात शिष्य सापडला, ही विसंगती लपवण्याचे कारण नाही. श्रद्धा ही एकदा मिळवून ठेवण्याची वस्तू नसून पुन्हा पुन्हा तिच्याकडे परतावे लागते, हेच यातून दिसते.

गोव्याचा प्रवाह : एक तुलना

पुनरावृत्त यंत्रस्वरांतून आध्यात्मिक अनुभव घेण्याची कल्पना पुढे डीजे संस्कृतीत विस्तारली. मुंबईत १९८२ मध्ये चरणजितसिंग यांनी सिंथेसायझर व तालयंत्रांवर दहा राग डिस्कोच्या लयीत मुद्रित केले. त्या वेळी दुर्लक्षित राहिलेली ही मुद्रिका २०१० मध्ये पुनःप्रकाशित झाल्यावर जगभर गाजली. गोव्यात हणजुणे परिसरात १९८० च्या दशकात परदेशी डीजेंनी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची जी शैली घडवली, ती पुढे 'गोवा ट्रान्स' म्हणून ओळखली गेली. तिचे एक प्रवर्तक गिल्बर्ट लेव्ही ऊर्फ गोवा गिल (१९५१ - २०२३) हे जुना आखाड्याची दीक्षा घेतलेले साधू होते. रात्रभराच्या नृत्याकडे ते एक विधी म्हणून पाहत. याच प्रवाहातील राजा राम (जन्म १९४१) आणि सायमन पॉसफर्ड (जन्म १९७१) यांचे दीर्घ सहकार्य टाउनशेंड - लेन मैत्रीशी तुलना करण्याजोगे आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेले बासरीवादक राजा राम १९६९ मध्ये लंडनच्या 'क्विंटेसन्स' या भारतीय अध्यात्माने प्रभावित वाद्यवृंदात होते. पॉसफर्ड हे त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान. भारतात अनुभवलेल्या सूर्यग्रहणाच्या प्रेरणेतून १९९६ मध्ये त्यांच्या 'श्पाँगल' या उपक्रमाचा आरंभ झाला आणि १९९८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला.

दोन्ही मैत्रींत साम्य आहे : भारताची ओढ, यंत्राचा स्वीकार आणि वर्षानुवर्षांची साथ. भेद मात्र मूलभूत आहे. गोव्याच्या प्रवाहात ध्वनीने घडवलेली भावसमाधी हेच बहुधा ध्येय ठरते आणि मादक द्रव्यांशी या संस्कृतीचा जवळचा संबंध राहिला. टाउनशेंड व लेन यांच्या गुरूने द्रव्यजन्य अनुभव नाकारला होता आणि ध्वनीपेक्षा मौनाला महत्त्व दिले होते. त्यामुळे त्यांच्या संगीतात ध्वनी हे गंतव्य नसून वाट राहते.

महाराष्ट्राच्या संदर्भातही हा प्रश्न दूरचा नाही. येथे 'डीजे' हा शब्द उच्चारताच मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये त्यांवर मर्यादा घालण्यात आल्या, तरी भक्ती आणि आवाजाची पातळी यांचा संबंध काय, हा वाद दर उत्सवात नव्याने उद्भवतो. त्याच जिल्ह्यात दरवर्षी १० जुलै रोजी मेहेरबाबांचे अनुयायी दिवसभर मौन पाळतात, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर विचारप्रवर्तक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, 'बाबा ओ'रायली'विषयीची यांत्रिक साक्षात्काराची आख्यायिका ऐतिहासिकदृष्ट्या ग्राह्य नाही. त्या स्वरमालिकेमागे मानवी हात व मानवी अपयश आहे. दुसरी, एकाच शिकवणुकीतून टाउनशेंड यांचे यंत्रसंगीत आणि लेन यांचे लोकगीत या दोन भिन्न शैली निर्माण झाल्या. म्हणून आध्यात्मिकता अमुक वाद्यात किंवा अमुक तंत्रात असते, असे म्हणता येत नाही. विद्युत ऑर्गन आणि अकॉर्डियन यांना या बाबतीत समान अधिकार आहे. तिसरी, या दोघांच्या साधनेचे सर्वांत टिकाऊ रूप कोणत्याही एका अल्बमपेक्षा त्यांच्या परस्परसंबंधात आढळते. आपल्या अल्बममध्ये मित्राच्या गीताला जागा देणे, मित्राच्या फिरत्या स्टुडिओत आपले संगीत मुद्रित करणे, प्रसिद्धीच्या शिखरावर असताना त्याच्या शेजारी बसून साधे गाणे म्हणणे, या कृतींत 'मी'पणा मागे सारण्याची शिकवण प्रत्यक्षात उतरलेली दिसते.

नेवाशाला सिद्ध झालेल्या ग्रंथाच्या अखेरीस ज्ञानदेवांनी जे पसायदान मागितले, त्यात जीवांच्या मैत्राची याचना आहे. त्याच जिल्ह्यातील अरणगावच्या मौनाने लंडनच्या दोन वादकांमध्ये असे एक मैत्र घडवले. टाउनशेंड यांनी ज्या एका सामाईक स्वराचे स्वप्न 'लाइफहाउस'मध्ये पाहिले, तो रंगमंचावर कधी सापडला नाही. लेन यांचे शरीर थकत गेले आणि त्यांचा आवाज १९९७ मध्ये थांबला. परंतु 'हू केम फर्स्ट' या अल्बममध्ये, टाउनशेंड यांच्या नावाखाली, दगडापासून माणसापर्यंतचा प्रवास सांगणारे लेन यांचे गीत आजही ऐकता येते.